पाचावरून तीन पावलं

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. ५ + ३ विचारलं की दरवेळी एकपासून बोटं मोजतो. भावाने बी-बॉट हा मधमाशीसारखा रोबो पाठवलाय. त्याने बेरीज शिकवता येईल का?

उत्तर : येईल, ताई. बी-बॉट एका टप्प्यात १५ सेंटीमीटर सरकतो. फरशीवर खडूने तेवढेच चौकोन आखा, ० ते १०. माशी ५ वर ठेवा, पुढे जायचं बटण तीनदा दाबू द्या, पण तिला चालू करणारं ‘गो’ बटण दाबण्याआधी विचारा, “कुठे थांबेल?” खरं शिकणं त्या अंदाजात आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं ७ म्हणायची, कारण माशी उभी असलेला चौकोनच ती ‘एक’ धरायची. मी चूक सांगत नसे. माशी ८ वर थांबायची, मुलं गप्प व्हायची आणि आपणहून पुन्हा मोजायची. ती शांतता मोडू नका.

वजाबाकीला मागे जायचं बटण. नवं उदाहरण घेताना जुन्या सूचना पुसायचं बटण आठवणीने दाबा, नाहीतर आधीच्या तीन पावलांत नवी मिळवली जातात. बॅटरी संपली तर मुलालाच चौकोनांवर चालवा.