परदेशात बीचवर आठवडाभर निवांत सुट्टी घालवायची आहे, धावपळ नको, प्लॅनिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की सात दिवस आहेत, दोघंच जाणार, पहिलीच परदेशवारी आणि "नुसतं पडून राहायचंय". पण सोबत जी यादी दिलीय त्यात थायलंडमधलं फुकेत, क्राबी, फी फी आणि कोह समुई असं सगळंच आहे. पडून राहायचं असेल तर यातलं एकच ठेवा, फार तर दोन. दर वेळी हॉटेल बदललं की अख्खा दिवस जातो, सकाळी बॅगा भरा, चेकआउट करा, बोटीची वाट बघा, पलीकडे पोचलात तर रूम अजून तयार नाही, हे तीनदा केलं की सातातले तीन दिवस सामान ओढण्यातच गेले.

आता कुठलं ठेवायचं? आधी महिना बघायचा, मग किनारा, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, फोटो आवडला की बुकिंग. तुमच्या यादीतलंच बघा ना, फुकेत-क्राबी अंदमान समुद्रावर आहेत, तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणि समुद्र खवळलेला, कोह समुई मात्र पलीकडे थायलंडच्या आखातात, तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर समुई, जानेवारी-फेब्रुवारीत फुकेत किंवा क्राबी. बाली मनात असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर, मालदीवला जानेवारी ते एप्रिल चांगले.

भरती-ओहोटीचं कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही झांझिबारला (आफ्रिकेजवळचं टांझानियाचं बेट) पूर्व किनाऱ्यावर राहिलो होतो, पाजे गावाला. पहिल्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा पाणी अगदी पायरीशी, हिरवंनिळं, आणि सकाळी उठून बघतो तर समुद्रच नाही! लांबवर एक पांढरी रेघ, रीफवर म्हणजे प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटत होत्या तेवढीच, मधे सगळी ओली वाळू, डबकी आणि काळे काटेरी सी-अर्चिन. बायका घोटाभर पाण्यात वाकून खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळाची शेती करत होत्या, एकीने दोरी उचलून दाखवली तर तिला झुबक्या झुबक्यांनी शेवाळ लटकलेलं. ते बघायला मला फार आवडलं, तासभर तिथेच होतो, पण पोहायला पाणी यायला दुपार झाली. त्याच बेटावर उत्तरेला नुंगवी-केंडवाकडे ओहोटीतही पोहता येतं. तुम्हाला पोहायचंच असेल तर त्या जागेचं भरतीचं वेळापत्रक तारखेनुसार नेटवर मिळतं ते बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर ओहोटीला पाणी जास्तच लांब जातं. आणि रिव्ह्यूमध्ये "लो टाइड" (ओहोटी) हा शब्द टाकून शोधा, हॉटेलवाल्यांचे फोटो कायम भरतीचेच असतात. सॅटेलाइट नकाशावरही एकदा बघा, "बीचफ्रंट" म्हणतात आणि मधून रस्ता जात असतो.

फ्लाइटची वेळ. मालदीवला सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) जायचं रिसॉर्ट घेतलंत तर लक्षात ठेवा, सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, संध्याकाळी मालेला उतरलात तर रात्र तिथेच काढावी लागते आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया. उशिराची फ्लाइट असेल तर स्पीडबोटने जाता येईल असं जवळचं बेट बघा. आणि रिसॉर्ट नसलेल्या, म्हणजे स्थानिक लोकांच्या बेटावर राहणार असाल तर दारू मिळत नाही आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवर, आधी माहीत असलेलं बरं.

पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालू असावा, आत्ताच काढून तारीख बघा.

ऊन हलक्यात घेऊ नका, पहिल्याच दिवशी पाठ भाजली की पुढचे चार दिवस झोपता येत नाही. स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगणं) करताना पाणी गार लागतं म्हणून कळत नाही आणि पाठ तेवढी वर असते, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घ्याच. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत, फक्त घेताना त्यात ऑक्सिबेन्झोन हे रसायन नाही ना बघा, पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने प्रवाळ वाचवायला 2020 पासून असली सनस्क्रीन बंद केलीयत आणि थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही बंदी आहे.

हे मात्र दोघांनीही नीट वाचा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तो पोहायला सोपा वाटतो, पण बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढत असतं. चुकून सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर आडवं पोहा आणि ओढ सुटली की मग बाहेर या, आणि पोहून निघता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही.

स्कूटर घ्यायची असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, त्याशिवाय अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले बहुधा क्लेम नाकारतात. आणि स्कूबाचा (टाकी लावून पाण्याखाली डाइव्ह करण्याचा) विचार असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांत उरका, एकाच डाइव्हनंतर निदान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर 18 तास विमानात बसायचं नसतं.

कुठल्या महिन्यात जाताय ते कमेंटमध्ये सांगा, मग किनारा कुठला ते नेमकं सांगते.