यांना द्वारकेच्या सिग्नललाही झोप, मला गादीवरही नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी ४८ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते. आमच्या घरात झोपेची वाटणी फार अन्यायाने झाली आहे. मिस्टर ५३ वर्षांचे, अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर. उशीला डोकं टेकलं की दोन मिनिटांत घोरायला लागतात. टीव्हीसमोर पेंगतात, लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत पेंगतात. परवा तर द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली आणि स्टिअरिंगवर हात असतानाच यांचा डोळा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा जागे झाले. घरी आल्यावर सगळे पोट धरून हसलो. आणि मी साडेनऊलाच अंथरूण धरते, म्हणजे निदान अकरापर्यंत तरी झोप लागेल. बारा वाजतात, एक वाजतो, मी मोबाइलवर वेळ बघत असते. त्यात यांचं घोरणं. मध्येच ते एकदम थांबतं तेव्हा जरा बरं वाटतं, पण डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा मोठ्याने सुरू. सासूबाई म्हणतात, "त्याच्या मनात काही नसतं म्हणून त्याला झोप लागते. तूच फार विचार करतेस." खरंच तसं असतं का? मला एखादी झोपेची गोळी सुचवाल का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, गोळीचं नंतर बघू. आधी सासूबाईंच्या मताचा समाचार घेते, कारण माझ्या सासूबाईंचंही हेच मत होतं. माझा दवाखाना जेलरोडला, घरही तिथेच. रात्री दीड-दोनला नाशिकरोड स्टेशनातून जाणाऱ्या मालगाड्यांचे भोंगे मोजत पडलेली बाई आहे मी. शेजारी आमचे डॉक्टरसाहेब असे गाढ, की कोणी उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं तरी कळू नये. पण मन साफ असलं की झोप लागते हे खरं असतं, तर आमच्या रस्त्याला ज्याच्यावरून नाव पडलं त्या कारागृहात रात्री कोणी घोरलंच नसतं.

झोप येणं हे एकच काम आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. दिवसभर मेंदू राबतो आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, मोरीत खरकटी भांडी साचावीत तसं. ढीग जेवढा मोठा, तेवढे डोळे जड. झोपेत तो ढीग घासून निघतो. चहा-कॉफी भांडी घासत नाही, वर नुसतं फडकं टाकते. ते फडकं किती वेळ टिकतं ते माणसागणिक वेगळं. पोटात गेलेलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, पण कोणाचं यकृत ते तीन तासांत उरकतं, कोणाला सात लागतात. म्हणून एक जाऊबाई रात्री दहाला कॉफी पिऊन झोपते आणि दुसरीला संध्याकाळी सहाचा चहा बाधतो. या ढिगाच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. आता रात्र झाली, आता दिवस, हे ते सांगतं. या दोघांच्या जमाखर्चाचं गणित स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. आजही झोपेचे डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात.

पण तुमच्या दुखण्याचं मूळ या दोघांत नाही. ते तिसऱ्यात आहे, राखणदारात. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रोगी जेवता जेवता झोपायचे, काहींची पापणीला पापणी लागत नसे. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन इकोनोमो यांनी दगावलेल्यांचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमस म्हणून मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग असतो. झोपाळू रोग्यांच्या त्या भागाची मागची बाजू खराब झालेली, आणि निद्रानाशवाल्यांची पुढची. म्हणजे जागं ठेवणारा वेगळा आणि झोपवणारा वेगळा, आणि दोघांची रस्सीखेच. पुढे १९९८ मध्ये जागं ठेवणाऱ्या बाजूचं एक रसायनही सापडलं, ओरेक्सिन. ते बनवणाऱ्या पेशी मेल्या की माणूस हसता-बोलता झोपेत कोसळू शकतो. नार्कोलेप्सी म्हणतात त्या आजाराला.

ज्याला झोप लागत नाही त्याच्याकडे झोप कमी असते असं नाही. त्याचा राखणदार ड्यूटी सोडत नाही. अशा लोकांच्या नाडीचे ठोके, अंगातली ऊब, सगळं रात्रीही थोडं चढलेलं असतं आणि दिवसाही. म्हणून मी दवाखान्यात एकच प्रश्न विचारते, तो तुम्हालाही विचारते. रविवारी दुपारी घर शांत आहे, रात्र तळमळत गेली आहे, तुम्ही आडव्या झालात. डोळा लागतो का? बहुतेक नाही म्हणाल. तुम्हाला थकवा आहे, पेंग नाही. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं नशीब. "झोप नाही झाली" या एकाच वाक्यात आपण दोन्ही कोंबतो आणि डॉक्टरांचीही फसगत करतो. थकलेल्या माणसाला बसवत नाही, पेंगलेल्याला बसवलं की तो गेलाच.

हा राखणदार थोडाफार आईबापांकडून येतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तेवढं नक्की कळलंय. शिवाय तुमचं वय ४८. पाळी जायच्या आसपास रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप चाळवते. तसं होत असेल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, "वयाचं आहे" म्हणून गप्प बसू नका. तेव्हा विचार करणं हा तुमचा गुन्हा नाही. जाग आहे म्हणून विचार येतात, हेही तितकंच खरं आहे.

थोडं विषयांतर करते. माझे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अपडाउन करतात. घरी गादीवर झोप नाही म्हणणारा माणूस सकाळी सातची गाडी देवळाली सोडायच्या आत मान टाकतो, कसारा घाटातले बोगदे त्याला माहीत नाहीत, आणि कल्याणला बरोबर डोळे उघडतो. पहाटे चारला उठलेल्याचा ढीग मोठा असतो हे झालंच. पण डब्याच्या डोलण्याचाही हात आहे. २०११ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी बारा पुरुषांना दुपारी हलत्या पलंगावर झोपवलं, तेव्हा ते स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपले. आपल्या आज्यांनी झोळी बांधून हे कधीच सिद्ध केलं होतं, फक्त लिहून ठेवलं नाही. तीच गोष्ट काशाच्या वाटीची. माझी आई रात्री तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, वाटी काळी पडली की म्हणायची, उष्णता निघाली. तो काळेपणा धातूचा. उष्णता निघते ती मात्र खरी, पण वेगळ्या वाटेने. पाय कोमट झाले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, पोटाछातीतली ऊब बाहेर पडते आणि आतून शरीर थंडावलं की झोप येते. हातपाय उबदार असतील तर झोप लवकर लागते हे १९९९ मध्ये बाझलच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेव्हा पायमोजे घालून झोपा. लाज कसली?

आता मुद्द्याचं. ताई, पत्र तुम्ही स्वतःसाठी लिहिलंत, पण मी ते दोनदा वाचलं ते तुमच्या मिस्टरांसाठी. तुम्ही ज्या गोष्टीवर हसलात त्यावर मला हसू आलं नाही. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी केली. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलं असताना, असं कुठे कुठे डोळा लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. दहाच्या वर गेलं की तपासायचं. त्यातला शेवटचा प्रश्न काय आहे माहीत आहे? रहदारीत काही मिनिटं थांबलेल्या गाडीत. म्हणजे तुमची द्वारका.

आणि ते घोरणं मध्येच थांबतं, तेव्हा तुम्हाला बरं वाटतं. त्या शांततेचीच मला धास्ती आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की हवा जातच नाही. छाती हलते, आवाज नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून अर्धवट जागा होतो, मोठा घुर्र आवाज होऊन श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. तासाला पाचदा असं होणंही ठीक नाही, तिसाच्या वर गेलं तर आजार गंभीर धरतात. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो पण त्याची भांडी घासलीच जात नाहीत. मग पडल्या पडल्या झोप लागणार नाही तर काय होईल? "भुकेला कोंडा नि निजेला धोंडा" म्हणतात. ज्याला कायम धोंडा चालतो, त्याची भूक कुठली ते बघावं लागतं.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. सोबत रक्तदाब वाढतो, सकाळी डोकं जड असतं, रात्री लघवीला उठावं लागतं, शर्टाची कॉलर घट्ट होत गेलेली असते. तुमच्या मिस्टरांना हेच आहे असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण एक करा. दोन रात्री मोबाइलवर त्यांच्या घोरण्याचा आवाज टिपा. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजा. ते रेकॉर्डिंग घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते झोपेची तपासणी सांगतील. आता ती घरी यंत्र लावूनही होते. निदान झालं तर नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र मिळतं. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये केलं, सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर जोडून. मिस्टर म्हणतील, "हे सोंड लावून मी झोपणार नाही." आमच्या एका पेशंटनेही तेच म्हटलं होतं. पंधरा दिवसांनी गावाला जाताना कपड्यांआधी त्याने यंत्र बॅगेत भरलं. तपासणी होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग त्यांच्याकडे नको. रात्री 'थोडी' घेत असतील तर ती बंद, कारण दारूने घसा आणखी सैल पडतो.

तुमची अर्धी झोप तिथेच परत मिळेल. त्यांचा श्वास थांबला की तुमचा राखणदार कान टवकारून बसतो, तुम्हाला नकळत. उरलेल्या अर्ध्यासाठी ऐका. साडेनऊला पडू नका. तुम्हाला झोप साडेपाच तास मिळत असेल तर अंथरुणात सहाच तास राहायचं. रात्री बाराला पडायचं, सकाळी सहाला उठायचं, रविवारीसुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. पालक निवडा, रद्दी लावा, काहीही कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा तुम्ही मला शिव्या द्याल, त्या दिवसांत स्कूटर जपून चालवा. झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी पडा. फिट येण्याचा किंवा मानसिक आजाराचा त्रास पूर्वी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

गोळी? मी देणार नाही. जुन्या निद्रानाशात ही अंथरुणाची शिस्त आधी आणि गोळी नंतर, हाच क्रम आता जगभर सांगितला जातो. आणि घरात गोळी आली की एखाद्या रात्री "मलाही दे" म्हणून मिस्टर घेतील. त्यांच्या घशाला ते परवडायचं नाही.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, गंगापूर रोडला अभ्यासिकेत बसतो. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत पेंग. मोबाइल घेतला की झोप गायब. आई म्हणते, आळशी आहेस. आहे का?

उत्तर : रात्री दोनला झोपून सहाला उठत असशील तर आळशी नाहीस, कर्जबाजारी आहेस. तुझ्या वयाला सात तास तरी झोप लागतेच. कंटाळवाण्या पुस्तकाने झोप येत नाही, आत असलेली दिसते. मोबाइल तेवढा वेळ ती झाकतो. सात-आठ तास नीट झोपलेल्या मुलाला राज्यघटनेची कलमं वाचून कंटाळा येईल, पण मान पडणार नाही. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवला नाहीस तरी. तेव्हा वीस मिनिटांचा गजर लावून टेबलावर डोकं टेकव, जास्त नको. पंधरा दिवस पुरेसा झोपूनही असंच होत राहिलं तर दवाखान्यात ये. आणि आईला दाखवताना फक्त हे उत्तर दाखव, वरचं पत्र नको. बाबा घोरत असतील तर मात्र दोन्ही दाखव.