इंडियन मुलं टॉपला, मग आमची खालच्या सेटमध्ये का?

प्रश्न: ताई, आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून इंग्लंडला, स्लाऊला आलो. मुलगी तिकडे सेमी-इंग्लिशला होती, आता इयर नाइनमध्ये आहे. सगळे म्हणतात इथे इंडियन मुलं टॉपला असतात, पण हिला मॅथ्सच्या खालच्या सेटला (कच्च्या मुलांच्या गटात) टाकलंय. आकडेमोड पटापट करते, फक्त चार ओळींचं शाब्दिक गणित आलं की अडते. शेजारीण म्हणते घरी मराठी बंद करा. करू का?
– एक आई

उत्तर: मराठी अजिबात बंद करू नका, हे आधी सांगते.

इंडियन मुलं पुढे हे खरंय, जीसीएसईला (इयर इलेव्हनच्या शेवटची बोर्डाची परीक्षा) चायनीज पहिले आणि त्यांच्या मागोमाग आपले, हे वर्षानुवर्षं चाललंय. पण त्यातली बरीचशी इथेच वाढलेली, आईबाप डॉक्टर नाहीतर आयटीवाले, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी आलेली तुमची लेकही त्यांच्यातच मोजली जाते. नर्सरीपासून इथे असलेल्यांना घरच्या भाषेचा फटका बसत नाही, उशिरा येणारी मात्र मागे पडतात, मराठीमुळे नव्हे, तर अभ्यासाचं इंग्लिश पक्कं व्हायला पाच-सात वर्षं जातात म्हणून.

आता शाळेत जाऊन विचारा, या सेटची मुलं जीसीएसईच्या फाउंडेशनला (सोप्या पेपरला) बसतात की हायरला (अवघड पेपरला)? मॅथ्सच्या फाउंडेशनला कितीही भारी पेपर लिहिला तरी ग्रेड ५ च्या वर मिळतच नाही, हायरला ९ पर्यंत जाता येतं, आणि पुढे ए लेव्हल (आपल्या अकरावी-बारावीसारखं) मॅथ्सला बरीच कॉलेजं ६-७ मागतात. आपल्या पालकांना हे कळतं इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे वेळ गेल्यावर.

आणि शाळेच्या फॉर्मवर फर्स्ट लँग्वेज काय लिहिलंत? आपले लोक ऐटीत 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात! मराठी लिहिली तर सरकारी शाळेत आल्यापासून तीन वर्षं शाळेच्या फंडिंगच्या हिशेबात अशा मुलांसाठी जादा रक्कम धरतात, मग मदत काय देताय हे बिनधास्त विचारा.

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधल्या शाळा, जिथे बांगलादेशी घरांतली मुलं खूप, १९९७ ला निकालात देशात तळाला होत्या, नंतर सरासरीच्या पुढे गेल्या, आणि ते काही पोरांनी घरी सिल्हेटी (त्यांची घरची बोली) सोडली म्हणून नाही. पैसा आला, चांगले शिक्षक आले, आईबापांना शाळेत बोलावून घेतलं.

शाब्दिक गणितं रोज दोनच घ्या, काय विचारलंय ते तिला आधी मराठीत सांगू दे, मग इंग्लिशमध्ये लिहू दे. जुने पेपर बोर्डाच्या साइटवर फुकट मिळतात, तुमचं बोर्ड एक्यूए, एडेक्सेल की ओसीआर एवढं शाळेला विचारून घ्या.