तेरच्या संग्रहालयात ‘नुसती खापरं’ आहेत का?

तुम्ही विचारलंय की धाराशिवला लग्नाला जाणार आहात, तिथून तेरचं लामतुरे संग्रहालय करावं का. मुलं आठ आणि दहा वर्षांची आहेत, आणि ‘तिथं नुसती खापरं आहेत, पोरं कंटाळतील’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय.

मी तेरच्या कुंभाराची नात. ‘नुसती खापरं’ हे मला लागलं, म्हणून लिहायला बसले.

संग्रहालयातल्या वस्तू तेरच्याच मातीतून निघालेल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसानं एकेक करून हजारो वस्तू जमवल्या, म्हणून त्या राहिल्या. आमच्या लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती वाहून जायची आणि मणी उघडे पडायचे. आम्ही पोरं ते फ्रॉकच्या ओच्यात वेचायचो. गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून गाड्या भरभरून कापड गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात येतं. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत होते, तरी स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर नगरीचे स्वामी, म्हणवून घेत.

आमचे आबा संग्रहालयात कधी गेले नव्हते. गावातच राहून. ‘आपलीच मडकी, ती काय बघायची’ म्हणायचे. मी सातवीत असताना दादा पुण्याहून सुट्टीला आला आणि आम्हा दोघांना घेऊन गेला. दादाला हस्तिदंती बाहुली दाखवायची होती. तशाच घडणीची हस्तिदंती बाई 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली, आणि ते शहर तर इ.स. 79 मध्येच गाडलं गेलं, असं तो रंगवून सांगत होता. आबांनी हात जोडले आणि पुढं सरकले.

थांबले ते एका फुटक्या बाहुलीपाशी. केओलिनच्या पांढऱ्या मातीची, सातवाहन काळातली, अर्धीच उरलेली. त्यामुळे तिची आतली बाजू दिसत होती. आबा काचेला नाक लावून बघत राहिले. मग मला म्हणाले, “दोन साचे हायेत. पुढचा एक, मागचा एक. आतून चिखल दाबलाय. हा बघ अंगठा.” आणि त्यांनी स्वतःचा अंगठा काचेवर त्या खळगीसमोर धरला. थोड्या वेळानं म्हणाले, “सांधा नीट पुसला नाही गड्यानं. घाईत होता.”

दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराबद्दल ते असं बोलत होते, जणू तो शेजारच्या आळीत राहतो. रखवालदारानं त्यांना स्टूल आणून दिलं. आबा तासभर तिथंच बसले. नंतर बाहेर आल्यावर तेरच्या जुन्या विटांवर बोलले. त्या इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. मातीत तूस कालवायचं, भाजताना ते जळून जातं आणि वीट आतून बारीक भोकाभोकांची होते. हे मी शाळेत शिकले नाही, आबांकडून शिकले, आणि तेही त्या दिवशीच.

परतताना दादानं जे सुरू केलं ते अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, या बाहुल्या पुण्या-मुंबईत हव्यात, लाखो लोक बघतील. मला हे अजिबात पटत नाही. पुण्याला आबा गेले असते का? तो अंगठा कुणी ओळखला असता? मुंबईत ती फुटकी बाहुली शंभर बाहुल्यांतली एक होईल. तेरमध्ये ती बघून बाहेर पडा आणि त्रिविक्रम मंदिरात जा. मागून अर्धगोल असलेली ती विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती. तिथून तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या देवळात जा. संतांमधला कुंभार त्याच गावचा. एका गावात चिखल तुडवणारे हात इतकी शतकं कसे टिकले, हे गावातच कळतं.

दादाचा एक मुद्दा मात्र मी मानते. हस्तिदंत आणि लाकूड दमट हवेत खराब होतं, त्याला जपणूक लागते, आणि ती लहान गावात अवघड असते. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट बघताना मलाही धास्ती वाटते. गावानं सगळं जपलं असंही नाही. आमच्याच घरातली मण्यांची डबी चुलत्यांनी एका फेरीवाल्याला स्टीलच्या दोन पातेल्यांवर दिली. पण त्यावर उपाय म्हणजे तेरला चांगली कपाटं आणि माणसं देणं. वस्तू उचलून नेणं नव्हे.

तुमच्या मुलांचं म्हणाल तर संग्रहालयाला दोन तास ठेवा, देवळं धरून अर्धा दिवस. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, लग्नाच्या गडबडीत फेरा फुकट जायला नको. एखादी फुटकी बाहुली आतून दिसेल अशी ठेवलेली असेल, तर मुलांना आधी तिच्यापाशी न्या आणि अंगठा शोधायला सांगा. दहा वर्षांच्याला नक्की सापडेल.