लहाना मित्रासंगं पहाडात शिकारीले चालला, जाऊ द्यावं का?

प्रश्न: भाऊ नमस्कार. आमचा लहाना अमेरिकेत कोलोरॅडोत नोकरीले आहे, एच-वन व्हिसावर. आता तो म्हणते का ऑफिसातल्या एका मित्रासंगं पहाडात म्यूल डिअर नावाच्या हरणाच्या शिकारीले जातो, तंबू टाकून राहू, मोबाईलले रेंज नसन. आपल्या इकडं तर काळविटावर बंदूक चालवली का जेलच. तिकडं हे चालते का? अन दोघंच गेलेलं बरं का? त्याची माय तर धड जेवून नाही राहिली. – एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पहिले वहिनींना जेवायला बसवा, पोरगा काही चोरून शिकार करायला नाही चालला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, तिकडे ती सरकारच लायसन देऊन करू देते आणि त्या पैशातून तिथल्या वन्यजीव खात्याचा बराच खर्च निघतो. कोलोरॅडोत हरणाचं लायसन मागेल त्याला मिळत नाही, १९९९ पासून तिथे सगळी हरणाची लायसनं मोजकीच निघतात आणि बहुतेक लॉटरीनं वाटतात, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरावे लागतात. एका लायसनवर एकच हरीण, तेही ठरलेल्या भागात, ठरलेल्या तारखांमध्येच. त्याआधी शिकारीच्या सेफ्टीचा कोर्स करून कार्ड घ्यावं लागतं, १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतंच.

व्हिसाचं मात्र नीट ऐका, कारण इथेच पोरं फसतात. एच-वनसारख्या व्हिसावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, पण शिकारीचं चालू लायसन हातात असेल तर सूट मिळते. म्हणजे लायसन यायच्या आधी मित्राची रायफल "जरा बघू दे" म्हणून हातात घेणंसुद्धा नको. आणि स्वतःचं लायसन नसताना मित्राच्या लायसनवर गोळी झाडणं तर अजिबातच नको, तिकडे एकाचं लायसन दुसऱ्याला चालत नाही.

आता दोघांचं. माझं मत विचाराल तर एकट्यानं जाण्यापेक्षा दोघं कधीही बरे, पण दुसरा कोण आहे यावर सगळं आहे. आपण जागलीला कोणाला सोबत नेतो? नेम चांगला असलेल्याला नाही, झोप न लागणाऱ्याला. इथेही तेच बघायचं.

म्यूल डिअर म्हणजे खेचरासारखे लांब कान, शिंगांना दुहेरी फाटे, आणि बिथरलं की चारही पाय एकदम उचलून उड्या मारत चढावर जातं. सकाळ-संध्याकाळ चरतं आणि दुपारी एखाद्या झाडाच्या किंवा कपारीच्या सावलीत बसून राहतं, तेव्हा नुसते कान हलताना दिसले तर दिसले. म्हणून समोरच्या डोंगरावर बसून तासन् तास दुर्बिणीनं एकेक झुडूप तपासणं हेच खरं काम. हरीण दिसलं की एक जण तिथेच दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि दुसरा नाल्यातून वळसा घालून जवळ सरकतो, आणि खाली उतरलेल्याला सगळा डोंगर वेगळाच दिसतो, वरून इतकं स्पष्ट दिसलेलं "पडलेल्या वाळक्या झाडाच्या डावीकडचा पांढरा दगड" खाली गेलं की सापडतच नाही. तेव्हा वर बसलेला हाताच्या खुणांनी सांगतो, डावीकडे, वर, थांब, उठलं. या खुणा घरीच ठरवून जायच्या. वॉकीटॉकी सगळीकडे चालत नाही, मॉन्टाना राज्यात तर त्यावरून हरणाचा ठावठिकाणा सांगणं बेकायदेशीर आहे, तेव्हा त्या त्या राज्याचा नियम आधी वाचावा.

वाऱ्याचंही बघावं लागतं. सकाळी थंड हवा उताराला लागते, ऊन तापलं की तीच वर चढायला लागते. त्यामुळे सकाळी वरून उतरायला गेलं की आपला वास आपल्या आधी हरणापाशी पोचतो.

खरी परीक्षा हरीण पडल्यावर. तिथे गाडी जात नाही. जागेवरच सोलून, पाय-पाठ वेगळे करून, मांस जाळीदार कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं, म्हणजे ते लवकर थंड होतं आणि माशा बसत नाहीत, आणि मग पाठीवर घेऊन चालायचं. मोठ्या नराचं नुसतं मांसच पंचवीस-तीस किलो निघतं, वरून तंबू-बिस्तरा वेगळा. खायजोगं मांस तिथेच टाकून येणं गुन्हा आहे. इथे जो मित्र "शिंगं मी घेतो, पाय तू उचल" म्हणतो त्याच्यासोबत परत जाऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मांसाची वाटणी, खर्च, कोण पहिले नेम धरणार, हे निघायच्या आधीच बोलून घ्यावं, लाजू नये. त्या भागात हरणांना मेंदूचा एक रोग होतो, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, १९६७ मध्ये तो कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसला. मांस तपासून घ्यावं आणि रोग निघाला तर खाऊ नये.

अस्वलाची भीती वहिनींना वाटत असेल, पण मला त्यापेक्षा थंडीची जास्त वाटते. आपलं चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, तिथे तंबू तीन हजार मीटरवर लागतो, दुपारी ऊन आणि रात्री बर्फ. पहिले एक-दोन दिवस डोकं दुखलं, मळमळलं तर हळू घ्यायचं, वाढलं तर खाली उतरायचं. कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगायला जड जातं, पण अंगात सुती कपडा नको, भिजला की गारठवतो, लोकरीचा घ्यावा. रायफलच्या सीझनमध्ये डोक्यावर आणि अंगावर भडक नारिंगी नाहीतर गुलाबी घालणं कायद्यानं लागतंच. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, दोघांकडे वेगवेगळा असावा, एकाच पिशवीत नाही, कारण चुकामूक झाली तर ज्याच्याकडे नाही तोच हरवतो. पोराला सांगा, रोज रात्री "ठीक आहे" एवढा मेसेज पाठव, आणि कुठल्या खोऱ्यात तंबू आहे ते निघायच्या आधी कळव.

प्रश्न: मग आमच्या वावरातल्या रोह्यासाठी (नीलगाईसाठी), डुकरासाठी असं लायसन काऊन नाही भेटत? – एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर: लॉटरीसारखं नाहीच मिळणार, पण पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यासाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागायची सोय आपल्या राज्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, तो लगेच करा, पंचनाम्याआधी पीक उचलू नका, फोटो काढून ठेवा. झटका मशीन लावा, पण लाईनवरून तार टाकून करंट सोडू नका, त्यात वाघही मरतात आणि रात्री ओलिताला निघालेला शेजारीही.