आधी मटकी भिजव

अनेक आशीर्वाद.

पोळी-भाजी जेवूनही रात्री अकराला डबे उघडावेसे वाटतात, असं तू लिहिलंस. दोष पोळीचा नाही. दुधी, कोबी, पडवळ यांत पाणीच फार, त्यांच्या जिवावर पोट सकाळपर्यंत कसं थांबणार? ताटात कडधान्य, डाळ किंवा बेसन यांतलं एक तरी रोज हवं. मग भाजी असली काय नि नसली काय. सुरुवात मटकीच्या उसळीने कर.

रविवारी रात्री झोपण्याआधी वाटीभर मटकी तिप्पट पाण्यात घाल. सकाळी पाणी ओतून टाक आणि आधी गणंग वेच, म्हणजे न फुगलेले, खड्यासारखे राहिलेले दाणे. ते कितीही शिजवले तरी दाताखाली येतातच. मग मटकी नीट निथळून ओल्या फडक्यात बांध आणि चाळणीत ठेव. मुंबईच्या उबदार, दमट हवेत संध्याकाळी लोकलमधून घरी पोचेपर्यंत बारीक मोड दिसू लागतात. पावसाळ्यात मात्र हीच हवा घात करते. पुरचुंडी गच्च ओली राहिली की दाणे बुळबुळीत होतात, आंबूस वास मारतात. अशी मटकी धुऊन वाचत नाही, टाकूनच द्यायची. म्हणून फडकं घट्ट पिळून घे आणि वर हवाबंद झाकण लावू नकोस.

वाटीभर मटकीची मोड आल्यावर अडीच वाट्या होते. तिघांना पुरते.

कढईत दोन मोठे चमचे तेल घे. यात काटकसर नको, पोटाला धरून राहायला तेलही लागतं. मोहरी तडतडली की पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, कढीपत्ता, आणि चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परत. मटकी घालून दोन मिनिटं हलव आणि वाटीभर गरम पाणी ओत. वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घाल. वाफ त्या ताटलीला लागून परत खाली ठिबकते, उसळ तळाला लागत नाही, आणि रस्सा आटलाच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं. मंद आचेवर 15 ते 18 मिनिटं. दाणा बोटांत सहज दबावा, पण अख्खा दिसावा. कुकर लावू नकोस, एका जास्तीच्या शिटीने गरगट्ट होतं.

आता जिथे बहुतेकांची उसळ फसते ते. आमसूल आधी घालायचं नाही! आंबट पाण्यात कडधान्य मऊ पडत नाही, अर्धा तास उकळलं तरी कचकचतं. तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ दाणा शिजल्यावरच. तूरडाळीच्या आमटीत चिंच-टोमॅटोलाही हाच नियम. मिठाला मात्र लोक उगाच घाबरतात, ते आधी घातलं तरी बिघडत नाही. दीड चमचा गोडा मसाला आणि चमचाभर तिखट रश्शात टाक, तापल्या तेलात नाही. गोड्या मसाल्यातले तीळ-खोबरं आधीच भाजलेले असतात, पुन्हा तेलात पडले की करपून कडवट होतात. शेवटी दोन चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर.

कडव्या वालाचं बिरडं पुढच्या महिन्यासाठी ठेव. मोड आल्यावर कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलावा लागतो, आणि ते कामावरून थकून आल्यावरचं काम नव्हे.

गाडी उशिरा आली नि काहीच भिजवलेलं नसेल, तर पिठलं. अर्धी वाटी बेसन आधी थोड्या गार पाण्यात सरबरीत कालव, मग पाणी वाढवत एकूण दोन वाट्या कर. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर वरून शिजतं, आत कोरडं राहतं, त्याच गुठळ्या. लसूण, मिरची, कांद्याच्या फोडणीत ओतून घट्ट होईपर्यंत हलवत राहा, मग झाकून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. एवढी वाफ दिली नाही तर बेसन कच्चट लागतं. सोबत भाकरी येत नसेल तर भात चालेल, आणि काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे दाण्याचं कूट.

सोमवारी किती गणंग निघाले ते कळव. मूठभर निघाले तर मटकी जुनी आहे, वाणी बदल.

तुझी,
काकू