दहावीचं इंग्रजी, बारा दिवस आणि निमाणीची बस

ताई, मुलगी सेमी-इंग्रजीला आहे, धडे तोंडपाठ आहेत, तरी इंग्रजीत व्याकरण आणि कवितेत गुण जातात, आणि हातात बारा दिवस आहेत, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकरोडला बरीच वर्षं दहावीच्या शिकवण्या घेतल्या, त्यावरून सांगते.

धडे पाठ करणं आजच थांबवा. ८० गुणांत धड्यांवरचे उतारे २० गुणांचे, आणि ते छापूनच समोर येतात! पाठांतराचा उपयोग किती, तुम्हीच बघा. व्याकरण मात्र भाषाभ्यासाच्या १० गुणांत संपत नाही, उताऱ्यांखालीही येतं.

आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त अडतं ते रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना. कारण मराठीच. आपण ‘तो म्हणाला की मी येतो’ म्हणतो. त्याचा ‘मी’ आणि ‘येतो’ जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’. दोन्ही बदलतात. नियमांचा तक्ता घोकून हे अंगात मुरत नाही. माझा एक विद्यार्थी नाशिकच्या निमाणी स्टँडहून बसने यायचा, त्याला मी कंडक्टरची वाक्यं फिरवायला लावली. ‘पुढे सरका’चं ‘ही टोल्ड अस टू मूव्ह अहेड’. ‘सुट्टे आहेत का’चं ‘ही आस्क्ड मी इफ आय हॅड चेंज’. आठवडाभरात ‘टोल्ड’ आणि ‘आस्क्ड’मधला गोंधळ गेला. घरी तुमच्या स्वयंपाकघरातली वाक्यं घ्या, तीही चालतात. दुसरी ठरलेली चूक म्हणजे ‘नो सूनर डिड ही रीच्ड’. ‘डिड’ने भूतकाळ आधीच घेतला, पुढे नुसतं ‘रीच’. आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला ‘दॅन’, ‘व्हेन’ नाही.

कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण. गाईडमधलं पाठ केलेलं मुलं कुठल्याही कवितेला चिकटवतात. टागोरांच्या ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ला कितीतरी जणांनी ‘ए-ए-बी-बी’ यमक लिहिलेलं मी पाहिलंय. त्या कवितेला यमकच नाही, मुक्तछंद आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज’मध्येही यमक नाही. तिच्यातल्या सात अवस्था मुलीला आधी मराठीत सांगायला लावा: तान्हं बाळ, शाळकरी, प्रेमवीर, शिपाई, न्यायाधीश, म्हातारा, पुन्हा बाळ. अर्थ कळला की इंग्रजी आपोआप येतं. दुसऱ्याचं रसग्रहण तिला देऊ नका, वाईट का होईना, तिचंच हवं.

पत्र, संवाद वगैरेचे २० गुण आहेत, रोज एक लिहायला बसवा, एवढंच. अनुवादाचे ५ गुण मराठी माध्यमाच्या मुलांना दिवाळीच असते, पण वेळ संपतो म्हणून बरीच मुलं ते कोरे सोडतात. तो प्रश्न आधी सोडवला तरी चालतो, नंबर नीट टाकायचा.

शेवटचे दोन रविवार ११ ते २ घड्याळ लावून जुनी कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, सोडवायला लावा. मधे चहा विचारायला जाऊ नका. तपासताना लाल पेन मुलीच्याच हातात द्या, आणि जिथे अडेल ते वाक्य इथे टाका.